तालुक्याच्या गावातील एका मद्यमुक्ती गटाविषयी : तीन वर्षांच्या हजेरीनंतरचा अभिप्राय

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकामागच्या गल्लीत, एका जुन्या कौलारू इमारतीच्या मागील खोलीत आठवड्यातून दोनदा संध्याकाळी साडेसहा वाजता अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला सर्वजण नुसते ‘एए’ म्हणतात, त्या संघटनेचा एक गट जमतो. ऑक्टोबर २०२२ पासून मी तेथे जात आहे. गावाचे आणि गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एवढ्याशा गावात खोलीचा पत्ता छापणे म्हणजे तेथे कोण येते-जाते याची यादी छापण्यासारखेच आहे. असा गट शोधावा कसा, हे मात्र पुढे लिहिले आहे. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. टिप्पण्या लिहिण्यातच आयुष्य गेले, त्यामुळे या मजकुराला थोडा फायलीचा वास आल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गटापर्यंत पोहोचण्यापूर्वी मी तीन उपाय करून चुकलो होतो, आणि ते सांगितल्याशिवाय या अभिप्रायाला अर्थ नाही, कारण आमच्या भागात बहुतेक घरांत हेच तीन उपाय याच क्रमाने होतात.

पहिला उपाय माझ्या पत्नीने केला. पिणाऱ्याला कळू न देता दारू सोडवणाऱ्या पुडीची जाहिरात वाचून तिने अडीच हजार रुपये भरले आणि ती पुडी ती माझ्या कुळथाच्या पिठीत घालू लागली. पिठीची चव बिघडली हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. मी पिठी सोडली आणि दारू चालू ठेवली. आज हे हसून सांगता येते, परंतु पाकिटावर घटकांचा उल्लेख नव्हता ही हसण्याची गोष्ट नाही. डायसल्फिरम नावाचे खरे औषध असते, ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे प्रकार होतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. पिठीत लपवून देण्याची ती वस्तू नव्हे.

दुसरा उपाय मी स्वतः केला. रवळनाथासमोर नारळ ठेवून, चार मानकऱ्यांच्या साक्षीने गाऱ्हाणे घालून जन्मभर न पिण्याची शपथ घेतली. ती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी ती मोडली तेव्हा डोक्यावर आधीच असलेल्या दारूच्या ओझ्यात देवाच्या कोपाची भर पडली, आणि त्या भीतीवर उतारा म्हणून मी आणखी प्यायलो. शपथेने किंवा गळ्यात माळ घालून सुटलेली माणसे माझ्या पाहण्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझ्या बाबतीत ते घडले नाही, एवढेच.

तिसरा उपाय म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातील एक निवासी केंद्र. एकवीस दिवसांचे अठरा हजार रुपये त्यांनी आगाऊ घेतले. मोबाइल काढून घेतला, घरच्यांचा फोन आला की ‘पेशंट मजेत आहे’ एवढे सांगितले जाई, आणि डॉक्टरांचे दर्शन मला तीन आठवड्यांत दोनदा झाले. घरी आल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी मी प्यायलो. या क्षेत्रात उत्तम काम आहेच, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु दाखल करण्यापूर्वी नातेवाइकांनी दोन गोष्टी तोंडावर विचाराव्यात: मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालील नोंदणीचे प्रमाणपत्र कोठे लावले आहे. दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती या कायद्याच्या व्याख्येत येते, आणि घरच्यांशी बोलण्याचा हक्कही त्यात रुग्णाला दिलेला आहे. प्रमाणपत्राचा विषय निघताच समोरचा चहा मागवू लागला, तर पुढचा निर्णय सोपा असतो.

यानंतरचा प्रसंग कोणालाही अनुभवावा लागू नये. २०२२ च्या चतुर्थीला दोन दिवस उरले असताना, घरी पाहुणे येणार म्हणून मी कोणालाही न सांगता एका दिवसात दारू पूर्ण बंद केली. हरितालिकेच्या संध्याकाळी स्टुलावर उभा राहून मी गणपतीवरची माटवी बांधत होतो. कवंडळे, सुपारीची शिपटे, आंब्याचे टाळे, सारे खाली टोपलीत होते, आणि माझ्या हाताला सुंभाची गाठ मारता येत नव्हती. बोटे इतकी कापत होती की पुतण्या म्हणाला, “काका, मी बांधतंय, तुमी उतरा.” उतरलो, आणि तेथेच फीट येऊन पडलो. रुग्णालयात कळले ते असे की, वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबल्यास पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून थांबायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत नेलेली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व घेत. एए हा या टप्प्यावरचा उपाय नाही. गटातील जुने सभासदही अंग थरथरत आलेल्या नव्या माणसाला आधी दवाखान्यात घेऊन जातात.

घरी सोडताना तेथील डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक फोन क्रमांक लिहून दिला. ती चिठ्ठी सुमारे महिनाभर माझ्या पाकिटात, निवृत्तिवेतनाच्या ओळखपत्रामागे पडून होती. कारण उघड आहे. मुंबईत चुलत भावाने एकदा मला एका शाळेच्या सभागृहातील मीटिंगला नेले होते. तेथे चाळीस माणसांत मला ओळखणारे कोणी नव्हते, आणि संघटनेच्या नावातील ‘ॲनॉनिमस’, म्हणजे ‘अनामिक’, या शब्दाला त्या शहरात अर्थ होता. आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो तरी पानवाला विचारतो, “भाऊसाहेब, आज हंय खंय?”

पहिल्या दिवशी खोलीत चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर दारूतून सावरण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांचा मराठी तक्ता आणि कोपऱ्यात स्टोव्ह एवढे होते. चहा गाळणारा माणूस वळला तेव्हा मी जागच्या जागी थिजलो. काही वर्षांपूर्वी एका दाखल्यासाठी तो कार्यालयात येत असे, आणि त्याचा अर्ज मी, कोणतीही त्रुटी नसताना, केवळ सकाळपासून हात कापत असल्यामुळे आणि कोणाशी बोलावेसे वाटत नसल्यामुळे, तीन महिने खालच्या खणात ठेवला होता. त्याने मला ओळखले. म्हणाला, “भाऊसाहेब, बसा. चायत साखर घालूची मा?” आणि पेला हातात दिला. त्या दिवशी अर्जाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. (हा मजकूर त्याला वाचून दाखवून, त्याच्या संमतीने लिहिला आहे. इतर कोणाविषयी तेथे ऐकलेले काहीही येथे येणार नाही, कारण खोलीत ऐकलेले खोलीत ठेवायचे, हा तेथील करार आहे.)

मीटिंगची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सुरुवातीला प्रास्ताविक वाचतात, क्षणभर शांत बसतात, पायऱ्यांचे वाचन होते. त्यानंतर ज्याला बोलायचे असेल तो “मी अमुक, मी एक मद्यपी” असे म्हणून स्वतःविषयी बोलतो. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, “असे करायला नको होते” असे म्हणत नाही. आयुष्यभर कार्यालयीन बैठकांना बसलेल्या मला ही शिस्त आधी अविश्वसनीय आणि नंतर अत्यंत सुखद वाटली. मी पाचव्या मीटिंगपर्यंत एक अक्षर बोललो नाही आणि मला कोणी बोलते केले नाही. दीड तासाने सारे संपते.

सभासदत्वाला अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. अर्ज, नोंदवही, आवक-जावक क्रमांक, काही नाही. अध्यक्ष आळीपाळीने बदलतो. शुल्क नाही, शेवटी एक कापडी थैली फिरते, तीत कोणी दहा टाकतो, कोणी वीस, नव्या माणसाला टाकू नका असेच सांगतात. खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तके यांचा खर्च त्या थैलीतूनच भागवायचा आणि बाहेरचा एक रुपयाही घ्यायचा नाही, असा या संघटनेच्या परंपरांचा दंडक आहे. तो किती कडक पाळतात हे मी निवडणुकीच्या हंगामात पाहिले. एका इच्छुक उमेदवाराने गटाला वीस खुर्च्या आणि दोन पंखे देऊ केले. पाठीवर स्वतःचे नाव रंगवलेल्या खुर्च्या, हे सांगायला नकोच. गटाने नम्रपणे नकार दिला. मे महिन्याच्या उकाड्यात, एकाच पंख्याखाली घामाने निथळत बसलेल्या बारा माणसांनी दोन पंखे परत पाठवावेत, हे दृश्य सरकारी नोकरीत मला दिसले नसते. दारूबंदी असावी की नसावी, यावरही गट मत देत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात बाटली किती स्वस्त मिळते हे खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, पण त्यावर चर्चा होत नाही.

गटात पडणारा फरक नेमका कशाने पडतो, याचे उत्तर मला संघटनेच्या जन्मकथेत मिळाले. १९३५ साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल धंद्याच्या कामासाठी ॲक्रन येथे गेला असता काम फसले. हॉटेलात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन अशी त्याची अवस्था झाली. पिणे सोडून काही महिने झालेल्या त्या माणसाने फोनवरून शहरातील दुसरा एखादा मद्यपी शोधायला सुरुवात केली, स्वतः टिकून राहावे म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. त्याच वर्षी जूनच्या १० तारखेला डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला आणि तो दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. आमच्या गटातही हेच चालते. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, बाजारातून परतताना, मी ज्याला फोन करतो तो माझा ‘स्पॉन्सर’ (नव्याला सांभाळून घेणारा जुना सभासद), म्हणजे चहा गाळणारा तोच गृहस्थ, मला उपदेश करत नाही. भूक लागली आहे का, कोणावर राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, दमला आहात का, एवढे चार प्रश्न विचारतो. बऱ्याचदा उत्तर ‘भूक’ असते. मग तो म्हणतो, “आधी दोन घावणे खावा, मगे बोलूया.” माझ्या फोनने त्याचाही दिवस निभावतो, असे तो सांगतो, आणि मला ते आता पटते.

शपथ आणि गट यांतील फरकही येथेच आहे. गट जन्मभराचे वचन मागत नाही. आजचा दिवस पिऊ नका, उद्याचे उद्या पाहू, एवढेच म्हणतो. मी याला आधी शब्दच्छल समजत होतो. परंतु ज्याने अकरा दिवसांत जन्माची शपथ मोडली आहे त्याला रात्री दहापर्यंतची मुदत झेपते, हा अनुभव आहे. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो आणि त्याची भाषांतरित मराठी थोडी परकी, चर्चच्या प्रार्थनेसारखी वाटते. आपापल्या समजुतीचा ईश्वर असे तेथेच म्हटले असल्यामुळे कोणी स्वामी समर्थ धरतो, कोणी ग्रामदैवत, आणि एकजण समुद्र. नास्तिक माणसाला मात्र सुरुवातीस अवघड जाईल, हे नमूद करतो.

आमच्या भागातील काही अडचणी पुस्तकात सापडत नाहीत. त्यांची उत्तरे या खोलीतच मिळाली. राखणदाराला, म्हणजे जागेचे रक्षण करणाऱ्या देवाला, राखण देताना कोंबड्याबरोबर दारू लागते. ती आणायची कोणी, ओतायची कोणी, आणि उरलेली प्रसाद म्हणून पुढे केली तर काय म्हणायचे? माझ्याकडे घरातील मोठेपणाने हा मान आहे. गटात सुचवले गेले त्याप्रमाणे मान माझ्याकडेच ठेवून बाटलीला हात लावण्याचे काम मी धाकट्या भावाकडे दिले. राखणदाराने अद्याप तक्रार केलेली नाही. काजूच्या हंगामात वाड्यावाड्यांतून हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा, वास येतो तेव्हा कोणत्या वाटेने घरी जावे, अशा गोष्टीही येथे पूर्ण गांभीर्याने बोलल्या जातात.

आता त्रुटी. सर्वांत मोठी त्रुटी वेळेची आहे. मीटिंग आठला संपते आणि माझ्या बाजूची शेवटची एसटी सव्वासातला सुटते. पहिले चार महिने मी अर्ध्यावर उठून जात असे, म्हणजे नेमका धीर एकवटून बोलावे अशा वेळी. पुढे एका सभासदाने दुचाकीवरून सोडायला सुरुवात केली. पावसात, रस्त्यावर एक दिवा नसताना, सोळा किलोमीटर. हे त्याचे उपकार आहेत, गटाची व्यवस्था नव्हे. वेळ साडेपाचची करावी असे मी तीनदा सुचवले. दुकानदार सभासदांना ते जमत नाही. विषय तेथेच आहे.

दुसरी त्रुटी म्हणजे हजेरीची भरती-ओहोटी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा खुर्च्या कमी पडतात; ऑगस्टनंतर कधी कधी आम्ही चारच असतो. चौघांत दोन जुने सभासद असले की एकेकजण पंचवीस मिनिटे बोलतो, आणि तेही गेल्या आठवड्यात सांगितलेलेच. मध्ये अडवायचे नाही हा नियम त्या वेळी जाचतो. बाहेर पडल्यावर निम्मे सभासद तंबाखू मळतात, त्यावर मी बोलत नाही, कारण मीही मळतो.

तिसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. तीन वर्षांत या खोलीत मी एकही स्त्री सभासद म्हणून आलेली पाहिली नाही. आमच्या भागात बायका पीत नाहीत, असे म्हणणाऱ्याने स्वतःचे गाव नीट पाहिलेले नाही. त्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत येणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी संघटना आहे. बिलच्या पत्नीच्या, लोइस विल्सन यांच्या, पुढाकाराने ती १९५१ पासून चालते. तिचा गट आमच्या तालुक्यात नाही. माझी पत्नी मोबाइलवरून मुंबईच्या मराठी मीटिंगला बसते, आणि नेटवर्कसाठी तिला मागच्या पडवीत, विहिरीजवळच्या कोपऱ्यात उभे राहावे लागते. पुडीचा किस्सा तिने तेथे सांगितला, तेव्हा आणखी तिघींनी तीच पुडी घेतल्याचे निघाले. त्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा नियमित झाली आहे.

ज्यांना असा गट शोधायचा आहे त्यांनी एएच्या भारतातील संकेतस्थळावर जवळच्या मीटिंगची चौकशी करावी किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात विचारावे. तेथील समुपदेशकांना बहुधा ठाऊक असते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइन आहे आणि मन फारच बिघडले असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. माझे एक आग्रहाचे सांगणे असे की, गट निवडताना कोणता नावाजलेला आहे हे पाहण्याऐवजी एसटीचे वेळापत्रक समोर घेऊन बसावे. मुंबईचा गट माझ्या गटापेक्षा सर्व बाबतींत सरस होता आणि मला त्याचा उपयोग शून्य झाला. लांब पडत असेल तर पहिल्या महिन्यात शक्य तितक्या मीटिंगांना जाऊन दोन-तीन फोन क्रमांक मिळवावेत, कारण दोन मीटिंगांच्या मधल्या दिवसांत तेच उपयोगी पडतात.

ओळख उघडी पडण्याच्या भीतीविषयी एवढेच लिहितो. ती खरी ठरली. पंधरा दिवसांत सर्वांना कळले. आश्चर्य असे की, मी पितो हे त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होतेच; नवी बातमी केवळ मी मंगळवारी कोठे जातो, एवढीच होती. पानवाला आता विचारत नाही, उलट शेवटची एसटी निघाली असल्यास गल्लीच्या तोंडावरूनच हाताने खूण करतो.

दाखल्याच्या अर्जाविषयी मी त्या गृहस्थाजवळ दुसऱ्या वर्षी बोललो. ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून भरपाई करावी, असे आठव्या आणि नवव्या पायरीत आहे, आणि माझ्या यादीत त्याचे नाव सातवे होते. तो म्हणाला की त्या दाखल्यावाचून त्याच्या मुलाचा एका ठिकाणचा प्रवेश गेला होता. मी पुढे काय बोलावे हे मला सुचले नाही. त्याने स्टोव्ह पेटवला.

पाचपैकी चार गुण मी देतो. एक गुण शेवटच्या एसटीसाठी आणि गणपतीच्या सुट्टीसाठी कापला आहे, कारण चाकरमानी मुंबईहून बाटल्या घेऊन येतात, घरोघरी भजने रंगतात, नेमक्या त्याच दिवसांत आमची खोली दोन वर्षे बंद होती. याबाबत मी लेखी तक्रार केली, सवयीप्रमाणे दोन प्रतींत. गटात तक्रारीवर शेरा मारणारा कोणी नसल्यामुळे त्यांनी किल्ली माझ्याच हातात दिली. या वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, मी साडेसहाला दार उघडले. तिघे आले, त्यांत एक सुट्टीवर आलेला मुंबईचा तरुण होता. दूध आणायचे राहून गेले होते, त्यामुळे चहा फुळकवणी झाला. तरी त्या तरुणाने दुसरा पेला मागितला.